'नाही'च्या आधीची चटई

माझ्या वडलांनी मला इंग्रजीतून 'नाही' म्हणायच्या सोळा पद्धती शिकवल्या, आणि त्या सोळांपैकी एकाही पद्धतीत 'नाही' हा शब्द नव्हता.

त्या त्यांनी एका वहीत लिहून ठेवल्या होत्या. वहीला तपकिरी कागदाचं कव्हर आणि वर त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात एकच शब्द: 'मतभेद'. बाबा नगरला मिशनच्या शाळेत शिक्षक होते. आम्ही भिंगारला बाजारामागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायचो, आणि ते रोज पायी शाळेत जात-येत. शाळेत मुलांना भूमिती शिकवायचे, संध्याकाळी घरी मला इंग्रजी. आई मी लहान असतानाच गेली होती. त्यामुळे त्यांच्या तावडीतून मला सोडवणारं घरात कोणी नव्हतं.

पहिल्या पानावर 'आय अ‍ॅम अफ्रेड'. दुसऱ्यावर 'विथ ड्यू रिस्पेक्ट'. मग 'आय बेग टू डिफर', मग 'इफ आय मे से सो', ज्याच्यापुढे बाबांनी मराठीत लिहिलं होतं: 'लहान तोंडी मोठा घास घेतो, पण'. प्रत्येक पानावर तो वाक्प्रयोग कोणापुढे वापरायचा, कोणापुढे नाही, याची टीप. बरोबरीच्या माणसाला 'आय डोन्ट क्वाइट अ‍ॅग्री' चालतं, साहेबाला चालत नाही. साहेबाच्या बाईला तर 'परहॅप्स'शिवाय काहीच चालत नाही. दहा-बारा वर्षांची असताना मी ती पानं पाढ्यासारखी म्हणायची. बाबा डोळे मिटून ऐकायचे आणि त्यांच्या चेहऱ्यावर भजनात बसल्यासारखा भाव यायचा.

मी एकदा विचारलं होतं, "बाबा, नुसतं 'नो' का नाही म्हणायचं?"

"पाहुणा आला की आपण आधी काय करतो?" ते म्हणाले.

"चटई टाकतो."

"मग झालं तर. साहेबाला नाही म्हणायचं तर त्या 'नाही'च्या आधी चटई टाकावी. त्याला टोचत नाही, आपलं काम होतं."

आपलं काम होतं, हे त्यांनी कशाच्या जोरावर म्हटलं कोण जाणे. शाळेत मुख्य शिक्षकाची जागा तीनदा रिकामी झाली होती. तिन्ही वेळा बाबांनी अर्ज केला होता, आणि तिन्ही वेळा बोटीतून नुकताच उतरलेला कोणी तरुण गोरा साहेब येऊन त्या खुर्चीवर बसला होता. वर बाबांनीच त्याला शाळा फिरवून दाखवायची. पण हे मला तेव्हा कळत नव्हतं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की साहेब 'आय अ‍ॅम अफ्रेड' म्हणतो तेव्हा तो कोणाला भीत नसतो, आणि बाबा म्हणतात तेव्हा ते खरंच भीत असतात. हे मी बोलून दाखवलं नाही. वहीत त्यासाठी पान नव्हतं.

माझ्या आयुष्यात दुसरी एक शाळा होती, ती म्हणजे आत्या. बाबांची थोरली बहीण. आई गेल्यावर तीन वर्षं मला तिनेच सांभाळलं. पारनेरच्या वाटेवरच्या एका गावात आमच्या ख्रिस्ती लोकांची दहा-बारा घरं होती, त्यांतल्या कडेच्या घरात ती एकटी राहायची. नवरा लवकर वारला, मूलबाळ नाही, आणि वाट्याला आलेलं माळाचं दोन एकर रान. त्या रानात ती दर रब्बीला ज्वारी पेरायची. वर्षभराची भाकरी आणि म्हशीचा कडबा त्यातूनच. पाखरं हाकलायला गोफण घेऊन माळ्यावर उभी राहिली की तिच्या ओरडण्याने पलीकडच्या शिवारातली पाखरंसुद्धा उठायची. त्या गावात 'नाही' म्हणजे 'न्हाई'. त्याच्या आधी काही आलंच, तर एखादी शिवी यायची.

तर या दोन शाळांत शिकून मी मॅट्रिक झाले आणि टायपिंगही शिकले. युद्धाची वर्षं होती. कॅम्पात रोज नव्या पलटणी उतरायच्या, भिंगारचा बाजार खाकीने भरून जायचा, आणि साहेब लोकांना कारकून पुरत नव्हते. अशात मला कॅम्पातल्या एका ऑफिसात टायपिस्टची नोकरी लागली. बाबा इतके खूश झाले की त्यांनी 'मतभेद'ची वही मला नवीन कव्हर घालून भेट दिली. मुलीला लोक कानातलं देतात, मला हे मिळालं.

चार महिन्यांनी आमचा दुभाष्या त्याच्या पलटणीबरोबर बदलून गेला. आमच्या ऑफिसचा कॅप्टन, एक उंच, लालसर, फार सभ्य तरुण, माझ्या टेबलाजवळ येऊन म्हणाला की मला खेड्यातली मराठी येते असं त्याच्या कानावर आलंय. काम असं होतं की तोफखान्याला चांदमारीसाठी मोकळी जमीन हवी होती. ज्या गावांच्या शिवारावरून गोळे जाणार, त्या गावांना भेटून तारखा सांगायच्या, त्यांचं म्हणणं ऐकायचं आणि ते कागदावर घ्यायचं. तेवढे दिवस लोकांनी गुरंढोरं घेऊन रान सोडून जायचं. त्याने यादी पुढे केली, आणि यादीत तिसरं नाव आत्याच्या गावाचं होतं.

मला काय वाटलं? खोटं कशाला बोलू, अभिमान वाटला. जीपमधून आत्याच्या गावात जाणार म्हणून मी इस्त्रीचं पातळ नेसले.

पौष महिना होता, हुरड्याचे दिवस. गाव पारापाशी जमलं. पाटील पारावर, बाकीचे खाली, आणि आमच्या वस्तीतली माणसं नेहमीप्रमाणे पलीकडे, लिंबाच्या झाडाखाली वेगळी. पाटलाला मी कोणाची मुलगी हे पक्कं ठाऊक होतं. एरवी त्याने मला "अगं ए" म्हणून हाक मारली असती, त्या दिवशी जीप बघून "बाई" म्हणाला. मला तेही गोड लागलं.

कॅप्टनने तारखा सांगितल्या. माघाच्या मध्यापासून तीन आठवडे. मी मराठीत सांगितल्या. भरपाई मिळेल, असंही सांगितलं.

पाटील उठून उभा राहिला. "सायबाला सांगा बाई, जवारी उभी हाय. कनसं आत्ता कुटं भरायला लागल्याती. काढनी हून खळं झाल्याबिगर आमी रान सोडनार न्हाई. येकबी मानूस हलनार न्हाई. मंग काय तोफा उडवायच्या त्या उडवा म्हनावं."

आणि लिंबाखालून आत्याचा आवाज आला, गोफणीतून सुटलेल्या दगडासारखा. "भरपाई काय भाजून खायची व्हय? न्हाई म्हन त्याला! सपष्ट न्हाई म्हन!"

कॅप्टन माझ्याकडे बघत होता. निळे डोळे, हातात पेन्सिल, चेहऱ्यावर अदब. आणि माझ्या तोंडातून, अगदी आपोआप, बाबांची वही सुरू झाली. आय अ‍ॅम अफ्रेड, सर. परहॅप्स. माइट. अ लिटल. म्हणजे मी म्हणाले ते असं: भीत भीत सांगते साहेब, पण कदाचित गावकऱ्यांना या तारखा थोड्याशा गैरसोयीच्या वाटण्याचा संभव आहे.

"थोड्या गैरसोयीच्या," कॅप्टन म्हणाला. "साहजिक आहे. पण त्यांना सगळं समजलंय ना?"

"यस, सर," मी म्हणाले. आणि ते खरंच होतं, त्यांना सगळं समजलं होतं.

त्याने कागदावर काहीतरी लिहिलं, पाटलाला सलाम केला, आणि आम्ही निघालो. माझं इंग्रजी उत्तम आहे असं तो वाटेत म्हणाला. मी ते घरी येऊन बाबांना जसंच्या तसं सांगितलं आणि आम्ही दोघं त्या आनंदात जेवलो.

पंधरा दिवसांनी आत्या आली. भिंगारपर्यंत पायी आली होती. पायाची धूळसुद्धा न धुता ती खोलीच्या मधोमध बसली, कमरेला खोचलेला कागद काढला आणि माझ्यापुढे टाकला. कागदाच्या मागे वाळलेली खळ आणि भिंतीचा चुना होता. चावडीवर लावलेला सरकारी जाहीरनामा तिने सोलून आणला होता. दुसऱ्या कोणी केलं असतं तर हातात बेड्या पडल्या असत्या.

"शाळामास्तरनं वाचून दावलाय," ती म्हणाली. "पर आता तू वाच."

मी वाचलं. तारखा त्याच होत्या. खाली एक ओळ होती. ग्रामस्थांना समक्ष विचारले असता त्यांची हरकत नसल्याचे समजले.

"कोनाला समजलं?" आत्याने विचारलं.

मी कागदाची घडी घालू लागले.

"पाटील न्हाई म्हनला. मी न्हाई म्हनले. सगळा गाव न्हाई म्हनला. मंग मदी कोन हुतं, ज्यानं व्हय म्हनलं?"

बाबा मध्ये पडले. "आक्का, ती बरोबरच बोलली. गावठी नकार साहेबापुढे तसाच नेऊन आदळायचा नसतो. इंग्रजीत त्याची एक रीत असते. आधी जरा चटई टाकावी लागते."

"आमी घोंगडी टाकतो ती पावन्याला," आत्या म्हणाली. "रान घ्यायला आल्याला न्हाई. आरं, तू ह्या पोरीला शिकीवलंस का मुकी केलीस?"

बाबांना ते फार लागलं. ते उठले, टेबलाशी बसले, चष्मा लावला आणि म्हणाले, "मी अर्ज लिहितो. आत्ता लिहितो." आणि लिहू लागले. आत्या पाय पसरून बघत बसली. मी तिच्यापुढे चहा ठेवला, तो तिने घेतला नाही. अर्धं पान झाल्यावर ती म्हणाली, "काय लिवलंस ते सांग तरी." बाबांनी एकेक ओळ मराठी करून सांगितली. अत्यंत नम्रतापूर्वक आणि यथोचित आदराने, साहेबबहादुरांच्या मौल्यवान वेळाचा अपव्यय केल्याबद्दल क्षमा मागून, त्यांच्या सुप्रसिद्ध न्यायबुद्धीवर विसंबून, हा अर्जदार असे सुचवण्याचे धाडस करतो की.

"आजून जवारीचं नावबी आलं न्हाई," आत्या म्हणाली.

मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. बाबांचं पेन कागदावर तसंच थांबलं. मग त्यांनी पुढचं लिहिलं, घडी घातली, अर्ज पाकिटात टाकला. आत्या दाराशी जाऊन वहाणा घालताना म्हणाली, "भीड ही भिकंची भन असती. मी मागायला आले न्हाई. मी हितं इचारायला आलते, मदी कोन हुतं म्हनून. ते कळलं." आणि निघून गेली. तिला थांब म्हणायची माझी छाती झाली नाही.

अर्जाला उत्तर आलं नाही. बाबा रोज पोस्टमनची वाट बघायचे आणि तो गल्लीतून सरळ निघून गेला की म्हणायचे, "मोठी ऑफिसं असतात, वेळ लागतो." मी त्याच मोठ्या ऑफिसात बसत होते. तो अर्ज कुठल्या ट्रेमध्ये होता तेही मला माहीत होतं. वरच्या साहेबाने पहिल्या दोन ओळी वाचून त्यावर 'फाइल' असं लिहिलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. त्याचंही काय चुकलं? असले शंभर अर्ज यायचे आणि सगळ्यांच्या पहिल्या दोन ओळी सारख्याच. ज्याला बोलायचंय तो पहिल्याच ओळीत सांगून टाकतो की माझं ऐकलं नाहीत तरी चालेल, मग कोण ऐकेल? मला त्या दिवशी पहिल्यांदा बाबांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. बाबांनी चटई टाकली ती स्वतःच्या 'नाही'साठी तरी होती. मी दुसऱ्यांचं 'नाही' घेतलं आणि चटईखाली सरकवून दिलं.

माघ लागला. तारखेच्या आठ दिवस आधी कॅप्टन पुन्हा त्या गावाला निघाला. ओढ्यापलीकडे कुठे पालं टाकायची, गुरं कुठे बांधायची, ते दाखवायला. मी जीपमध्ये मागे बसले. या वेळी पातळ इस्त्रीचं नव्हतं. दोन्ही बाजूंनी ज्वारी पिकून पांढरी झाली होती, कणसं दाण्यांनी वाकली होती. अजून पंधरा-वीस दिवस मिळाले असते तर ती घरात आली असती. वाटेत आत्याचं रान लागलं. माळ्यावर कोणी नव्हतं, म्हणजे आत्या पारापाशी होती.

गाव आधीसारखंच जमलं होतं, फक्त कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. पाटील मला "बाई" म्हणाला नाही, "अगं ए"ही म्हणाला नाही. आत्या लिंबाखाली न थांबता पुढे आली होती, पारापासून चार हातांवर. तिला मागे हो म्हणायला त्या दिवशी कोणी धजलं नाही.

कॅप्टनने सुरुवात केली. नेहमीसारखीच सुंदर. गावाने मोठ्या मनाने संमती दिली आहे, त्याबद्दल सैन्य गावाचं ऋणी आहे. तो थांबला आणि माझ्याकडे वळला.

आता हे मराठीत सांगायचं होतं. मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की हे वाक्य मला या माणसांपुढे, या भाषेत बोलताच येणार नाही. तिकडून इकडे येताना चटई बरोबर येत नाही. मी जमेल तेवढं सरळ सांगितलं. "साहेब म्हणतोय, तुम्ही हो म्हणालात."

जो गलका उठला तो मला आजही ऐकू येतो. पाटील ओरडला, "कोन म्हनलं? कंच्या भाड्यानं म्हनलं?" लोक एकमेकांकडे बघू लागले. एकटी आत्या माझ्याकडे बघत होती. मला वाचवायचं नाही असं तिने ठरवलं होतं.

"मी म्हणाले," मी म्हणाले. "तुम्ही नाही म्हणालात, आणि मी त्याला सांगितलं की थोडी अडचण आहे. मी चुकले."

गलका बंद झाला. माझे कान तापले होते, आणि आश्चर्य म्हणजे बरं वाटत होतं. पाटलाने घसा साफ केला. माझ्याशी न बोलता तो आत्याशी बोलला. "तुजी भाची हाय. तूच सांग तिला."

आत्या म्हणाली, "ह्या बारीला जसंच्या तसं सांग. यक सबूद वाडवू नगंस, यक सबूद कमी करू नगंस. न्हाई."

मी कॅप्टनकडे वळले. सोळाची सोळा पानं डोळ्यांपुढून गेली, अगदी कव्हरासकट. मी म्हणाले, "दे से नो."

"आय बेग युअर पार्डन?" कॅप्टन म्हणाला.

हे बाबांच्या वहीत सातव्या पानावर होतं. साहेबाला ऐकू आलेलं नसतं तेव्हा तो हे म्हणत नाही. तुला परत एक संधी देतोय, या वेळी नीट बोल, असा त्याचा अर्थ. बाबांनी खाली टीप लिहिली होती: अशा वेळी आपले म्हणणे सौम्य करून पुन्हा मांडावे.

"नो," मी म्हणाले. "नो, सर."

तो "सर" मला काढता आला नाही. त्याबद्दल मी अजून स्वतःला बोल लावते.

कॅप्टनचा चेहरा आणखी लाल झाला. विथ रिस्पेक्ट, मिस, तो म्हणाला, मागच्या खेपेस तुम्ही मला वेगळं सांगितलं होतं. आता तो माझ्यापुढे चटया टाकू लागला होता. मी म्हणाले की मागच्या खेपेस मी चूक सांगितलं. ते तेव्हाही नाहीच म्हणाले होते. ज्वारी काढल्याशिवाय एकही माणूस हलणार नाही असं म्हणाले होते. बाकीचं सगळं माझं होतं, आणि तेवढं कागदावरून खोडा.

मागून कोणीतरी म्हणालं, "नो म्हंजी न्हाई, येवडं आमालाबी कळतं." आणि एक म्हातारा खदखदून हसला. मग सगळंच गाव, पारावरचं आणि लिंबाखालचं, एकत्र "नो, नो" करू लागलं. त्यात हसू होतं, राग होता, आणि कॅप्टनला त्यातलं सगळं दुभाष्याशिवाय समजत होतं.

तो जीपकडे वळला. मग त्याने जीपच्या बॉनेटवर फाइल ठेवली, मागचा कागद काढला, एक ओळ आडवी खोडली आणि मला म्हणाला, "सांगा, मी लिहितो. त्यांच्याच शब्दांत." मी सांगितलं, त्याने लिहिलं, आणि पाटलाचा अंगठा घेतला. मग आत्याने विचारल्याशिवाय पुढे होऊन आपला अंगठा शाईत बुडवला आणि पाटलाच्या अंगठ्याशेजारी उमटवला. पाटील बघतच राहिला. जागा भरपूर होती तरी तिने अगदी चिकटून उमटवला होता.

परत येताना अर्ध्या वाटेवर कॅप्टन माझ्याकडे वळला. मग म्हणाला, आय अ‍ॅम अफ्रेड, मिस, ऑफिसात हे आवडणार नाही. त्याने कागद मात्र जसा लिहिला होता तसाच वर पाठवला. तो माणूस सभ्य होता हे मी आधीच सांगितलंय. फक्त त्याला आजवर कोणी काही सांगितलं नव्हतं.

चार दिवसांनी चावडीवर दुसरा जाहीरनामा लागला. पिकाच्या काढणीबाबत ग्रामस्थांची हरकत असल्याने चांदमारी शिमग्यानंतर. त्याच आठवड्यात मला पत्र मिळालं. वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू, अशी सुरुवात होती. मला कळवताना त्यांना खेद होत होता. मी ते पत्र चुलीत घातलं आणि त्यावर पाणी तापवून न्हायले.

बाबा माझ्याशी बोलेनासे झाले. ओरडले असते तर बरं झालं असतं, पण ओरडणंही त्यांच्या वहीत नव्हतं. ते वेळेवर शाळेत जायचे, वेळेवर यायचे, जेवायचे, आणि पाणी हवं असलं तरी स्वतः उठून घ्यायचे. गल्लीत लोक म्हणायचे, मास्तरांच्या मुलीने साहेबाच्या तोंडावर उत्तर दिलं, लाखाची नोकरी घालवली. म्हणू देत म्हटलं. लाखाची होती तर त्यांनीच जाऊन करावी.

शिमग्याच्या थोडं आधी गावाकडची एक बैलगाडी भिंगारच्या बाजारात आली आणि गाडीवाल्याने आमच्या दारात एक पोतं उतरवलं. नव्या ज्वारीचं. निरोप काही नव्हता. आत्याला लिहिता येत नव्हतं आणि निरोप द्यायची तिला सवय नव्हती. मी त्यातली पायलीभर दळून आणली आणि संध्याकाळी भाकरी केल्या. नव्या ज्वारीची भाकरी गोड असते, तव्यावरूनच वास सुटतो. बाबांनी पहिला तुकडा मोडला आणि हातात तसाच धरून ठेवला.

"तिच्या रानातली?" त्यांनी विचारलं. तीन आठवड्यांतलं पहिलं वाक्य.

"हो."

"तू त्याला नक्की काय म्हणालीस?"

"नो म्हणाले."

"त्याच्या आधी?"

"काही नाही."

"परहॅप्ससुद्धा नाही?"

"नाही."

बाबांनी तुकडा ताटात ठेवला. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "आणि त्याने ऐकलं?"

"ऐकलं, बाबा."

मला वाटलं होतं ते आता मला काहीतरी समजावतील, नाहीतर उठून जातील. ते उठले नाहीत. ते म्हणाले, "मी तीन अर्ज केले, पोरी. तिन्ही अर्जांच्या नकला आहेत माझ्याकडे. काल काढून वाचल्या." ते थांबले. "ती जागा मला हवी आहे, असं वाक्य एकाही अर्जात नाही गं."

पुढे काही वर्षांनी ते सगळं शिवार चांदमारीत गेलंच. आत्याचं दोन एकरही गेलं. माझ्या एका 'नो'ने सरकार हललं असं मी कधी म्हटलं नाही आणि म्हणणारही नाही. पण ज्या वर्षी ते गेलं त्या वर्षीच्या कागदावरही गावाची हरकत लिहिलेली होती, आणि खाली आत्याचा अंगठा होता.

त्या संध्याकाळी बाबांनी तो तुकडा खाल्ला आणि अजून एक भाकरी मागितली. मग उठून फडताळातून 'मतभेद'ची वही काढली आणि माझ्यापुढे ठेवली. शेवटची बरीच पानं कोरी होती. "हिच्यात हिशोब लिही वाण्याचा," ते म्हणाले. "कागद चांगला आहे."